वाचकांचे प्रश्न : दुरुस्ती केंद्राला सायकल द्यावी की पैसे?

नफा न कमावता, वर्गणीच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या सार्वजनिक सायकल दुरुस्ती केंद्रांविषयी या सदराकडे आलेल्या काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. अशा केंद्रात जागा आणि अवजारे सर्वांसाठी खुली असतात, आपली सायकल आपणच दुरुस्त करायला शिकवले जाते, आणि लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली नीट करून गरजू विद्यार्थ्यांना व कामगारांना दिल्या किंवा माफक किमतीत विकल्या जातात. अमेरिका आणि युरोपातील अनेक शहरांत ही पद्धत चांगली रुजली आहे. आपल्याकडे ती अजून बाळसे धरते आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाहनतळात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या आठ सायकली आम्ही जवळच्या एका सेवाभावी दुरुस्ती केंद्राला देऊ केल्या. त्यांनी तीनच घेतल्या आणि उरलेल्यांच्या बदल्यात दरमहा थोडी रक्कम द्याल का, असे विचारले. वस्तू देणाऱ्याकडे पैसे मागणे मला खटकले. यात आमचे काही चुकते आहे का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दिलेली वस्तू परत आली की मन खट्टू होते, हे खरेच आहे, परंतु केंद्राचे म्हणणे मला रास्त वाटते, आणि का, ते एका सायकलीची दुरुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेली सायकल कार्यशाळेत आली की आधी टायर उतरवतात. बहुतेक वेळा टायरच्या कडांना भेगा गेलेल्या असतात आणि ट्यूब आतून टायरला चिकटलेली असते, म्हणजे दोन्ही नवे घेणे आले. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना चाकाचे डावी-उजवीकडे डुलणे, काढायला निपलला, म्हणजे आऱ्याच्या टोकाच्या नटाला, चावी लावावी, तर निपल गंजून आऱ्याशी एकजीव झालेले असते. ते फिरत नाही, आराच तुटतो, आणि असे चार-पाच आरे तुटले की सगळे चाक नव्याने बांधावे लागते. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडला तर ग्रीस वाळून खडा झालेले, छर्रे गंजलेले आणि छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनाला खड्डे पडलेले दिसतात. फुकट मिळालेली ही सायकल रस्त्यावर येण्याआधी केंद्राला टायर, ट्यूब, आरे, चेन, छर्रे आणि ब्रेकचे रबर रोख पैसे मोजून आणावे लागतात, शिवाय जाणत्या मेकॅनिकचा जवळजवळ पूर्ण दिवस तिच्यावर खर्च होतो. आपल्या आठांपैकी ज्या तीन त्यांनी घेतल्या त्या बहुधा या हिशेबात बसणाऱ्या असाव्यात. जे केंद्र समोर येईल ती सायकल नाही न म्हणता ठेवून घेते, त्याचे काही महिन्यांत भंगाराचे दुकान होते आणि काम करायला जागाच उरत नाही. म्हणून नकार देऊ शकणाऱ्या केंद्राविषयी मला उलट अधिक विश्वास वाटतो.

नवे सुटे भाग आणून देण्यातही एक अडचण आहे, जी बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. 'सव्वीसचे टायर' म्हणून दुकानात दोन वेगळ्याच मापांचे टायर मिळतात. मुलींच्या आणि साध्या सायकलींना लागणाऱ्या २६ × १ ३/८ या टायरचा रिमवर बसणारा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकलींच्या सव्वीस इंची टायरचा तोच व्यास ५५९ मिलिमीटर असतो. दोन्हींवर २६ छापलेले असले तरी एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दूधवाल्याच्या, काळ्या दणकट सायकलीचे २८ × १ १/२ हे माप आणखी निराळे, ६३५ मिलिमीटरचे. एखाद्या दात्याने मोठ्या मनाने टायरांचा गठ्ठा पाठवावा आणि त्यातले निम्मे मांडणीवर पडून राहावेत, त्याच वेळी जे माप हवे त्याच्यासाठी मात्र गल्ल्यात पैसे नसावेत, ही स्थिती अशा ठिकाणी सहज उद्भवते. रोख रक्कम ज्या आठवड्यात ज्या मापाची गरज असेल तिकडे वळवता येते.

दरमहा देण्याचा आग्रहही याच कारणाने योग्य आहे. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि मेकॅनिकचे मानधन ठरलेल्या तारखेला द्यावे लागते, आणि पुढच्या सहा महिन्यांची खात्री असल्याशिवाय कोणतेही केंद्र जबाबदारीने माणूस नेमू शकत नाही. सायकल वाटपाच्या समारंभासाठी पैसे देणारे पुष्कळ भेटतात. रॉकेल, ग्रीस, सोल्युशन आणि पॅच यांच्यासाठी देणारे फार थोडे. आपल्या सोसायटीतील दहा घरांनी दरमहा थोडे थोडे दिले, तर वर्षातून एकदा दिलेल्या तेवढ्याच रकमेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तरीही पुढे सायकल द्यायची झाली, तर ती बंद पडून गंजण्याची वाट न पाहता, वापर थांबला की लगेच द्यावी. चेन किती झिजली आहे हे घरीच पाहता येते : चेन ताणून धरून पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजल्यास नव्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर १/१६ इंचाने वाढले असेल तर चेन बदलण्याची वेळ आली आहे, आणि १/८ इंचाने वाढले असेल तर तिच्यासोबत फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातेही गेलेले असण्याचा संभव मोठा. हे आधी कळवले तर केंद्राला निर्णय घेणे सोपे जाते. मालकीचाही विचार करावा. पूर्वी नगरपालिकेचा सायकल कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला बिल्ला असे. तो गेल्यापासून सायकल कोणाची हे सांगणारा सरकारी कागद उरलेला नाही. वाहनतळातल्या बेवारस सायकली देण्यापूर्वी सूचना फलकावर मुदतीची नोटीस लावावी, सोसायटीच्या बैठकीत ठराव करावा आणि सायकलीच्या चौकटीवरचा क्रमांक लिहून केंद्राकडून पोच घ्यावी. चोरीची सायकल नकळत केंद्राच्या दारात जाऊन तेथील मुलांना पोलीस चौकशीला तोंड द्यावे लागू नये, एवढी काळजी देणाऱ्याने घ्यायलाच हवी.

प्रश्न : आमच्या चौकात झाडाखाली बसून एक काका कित्येक वर्षे सायकली दुरुस्त करतात. शेजारीच तरुणांचे एक मंडळ मोफत दुरुस्ती केंद्र काढण्याच्या विचारात आहे आणि माझ्याकडे देणगी मागत आहे. त्यामुळे काकांच्या पोटावर पाय येईल, असे मला वाटते. देणगी द्यावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मनात हा प्रश्न आला, याचे मला फार समाधान वाटले. अमेरिकेत किंवा युरोपात दुरुस्तीची मजुरी इतकी महाग असते की सामान्य माणसाला सार्वजनिक कार्यशाळेची खरोखर गरज भासते. आपल्याकडे पंक्चर काढून देणारा माणूस अजून कोपऱ्यावर आहे, स्वस्त आहे, आणि त्याच्या घरची चूल त्यावर चालते. त्याच्या शेजारी तेच काम फुकट करून देणे ही सेवा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून देणगी देण्यापूर्वी मंडळाला दोन गोष्टी विचाराव्यात. ज्याला परवडते त्याची सायकल केंद्र फुकट दुरुस्त करून देणार आहे का, हा पहिला प्रश्न. आणि काकांना या योजनेत कोणते स्थान आहे, हा दुसरा. केंद्राने रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाचे पंक्चर काढू नये, ते काकांकडे पाठवावे. स्वतः शिकवण्याचे, टाकून दिलेल्या सायकली नव्याने उभ्या करण्याचे आणि अवजारे वापरायला देण्याचे काम करावे. शिकवण्यासाठी गुरू म्हणून काकांनाच आठवड्यातून एक-दोन दिवस बोलवावे, आणि त्यांना त्या दिवसाच्या कमाईपेक्षा कमी नव्हे, थोडे अधिकच मानधन द्यावे. आपली देणगी या मानधनासाठीच वापरली जावी, अशी अट आपण घालू शकता.

यात काकांवर उपकार करण्याचा भाग नाही, कारण त्यांच्या हातातली विद्या मंडळातल्या मुलांकडे नाही. चाकाचा आउट काढायला मोठ्या कार्यशाळेत वेगळा स्टँड लागतो. झाडाखालचा कारागीर सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करतो, अंगठा फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याला, टेकवून नख रिमच्या अगदी जवळ नेतो आणि चाक फिरवतो. जिथे रिम नखाला घासते तिथे आउट आहे. मग त्या जागचा एका बाजूचा आरा पाव फेरा सैल करायचा, समोरच्या बाजूचा पाव फेरा आवळायचा, आणि पुन्हा फिरवून पाहायचे. घाई करून एकदम पूर्ण फेरा आवळला तर आउट पलीकडच्या बाजूला जातो, हे पुस्तक वाचून कळते. परंतु किती आवळले म्हणजे पुरे, हे त्या बोटांजवळ बसूनच शिकावे लागते. शिकायला येणाऱ्या मुलाने काही आठवडे असे शेजारी बसून काढले, तर पुढे त्याच्या हाताला काम मिळू शकते. मंडळ हे मान्य करत असेल तर देणगी अवश्य द्यावी. करत नसेल तर ती रक्कम काकांना नवा पंप आणि चांगल्या पान्यांचा संच घेऊन देण्यात घालावी.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मुलींना शासनाकडून सायकली मिळाल्या, पण वर्षभरात बऱ्याच बंद पडतात आणि मुली पुन्हा पायी येऊ लागतात किंवा येईनाशा होतात. शाळेतच छोटे दुरुस्ती केंद्र चालवता येईल का आणि त्यासाठी मदत कशी उभी करावी? – एक शिक्षिका

उत्तर : येईल, आणि माझ्या मते महाराष्ट्रात या कल्पनेची सर्वांत मोठी गरज शहरांपेक्षा आपल्यासारख्या शाळांतच आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकलींसाठी मदत मिळते. सायकलीने काय साधते हे बिहारमध्ये नीट तपासले गेले आहे. तेथे २००६ साली नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत ३२ टक्के वाढ झाल्याचे आणि मुलामुलींच्या नोंदणीतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हा परिणाम ज्या गावांपासून शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब होती, तेथे अधिक ठळक होता. म्हणजे अंतर कमी झाले म्हणून मुली आल्या. आणि सायकल कोपऱ्यात उभी राहिली की तेच अंतर पुन्हा मुलींसमोर उभे राहते. सायकल वाटपाचा हिशेब होतो, चालू सायकलींचा होत नाही, याचे मला वाईट वाटते. आपल्या शाळेपुरता तो आपण सुरू करावा : दर महिन्याला किती सायकली चालू आहेत, हे एका वहीत लिहावे. मदत मागताना ही वही कोणत्याही विनंतीपत्रापेक्षा जास्त बोलते.

बंद पडलेल्या सायकलींपैकी पुष्कळशा मोठ्या बिघाडाने बंद पडलेल्या नसतात. आपल्याकडच्या साध्या ट्यूबच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी चढवलेली असते. ती उन्हाने वाळून चिरली की हवा हळूहळू उतरते, घरचे लोक पंक्चर समजतात, आणि तालुक्याला नेऊन आणायला वेळ नसल्याने सायकल तशीच राहते. व्हॉल्व्ह काढून थुंकीने ओली केलेली नवी नळी चढवायला दोन मिनिटे पुरतात आणि खर्च नगण्य येतो. दुसरे कारण सैल झालेले नटबोल्ट. नव्या सायकलीचे नट आणि आरे पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतातच. मागच्या चाकाचे नट सैल झाले की चाक पुढे सरकते, चेन ढिली होऊन सारखी उतरते. पायडलच्या क्रँकची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाशी पक्का धरणारी खीळ, सैल असताना सायकल चालवत राहिले तर क्रँकचे भोकच खराब होते आणि किरकोळ काम महागात जाते. म्हणून वाटपानंतर साधारण महिन्याभराने सर्व सायकली एकदा मैदानावर आणून आवळून घेणे, हे वर्षभरातले सर्वांत फायद्याचे काम होय.

त्यासाठी एक मोठी पेटी पुरेल. तिच्यात चांगला पायपंप, टायर काढायच्या पट्ट्या, पान्यांचा संच, निपलची चावी, सोल्युशन, पॅच, खरकागद, व्हॉल्व्हच्या नळ्या, ब्रेकचे रबर, तेल आणि आपल्या मुलींच्या सायकलींच्याच मापाच्या काही ट्यूब असाव्यात. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर हवा तपासावी, कारण कमी हवेवर चालवलेल्या सायकलीची ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून फुटते. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या मेकॅनिकला तासाभराचे पैसे देऊन शाळेत बोलवावे आणि प्रत्येक वर्गातील काही मुलींना त्याच्याकडून शिकू द्यावे. पेटीसाठी माजी विद्यार्थी आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडे जावे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून ही तरतूद व्हावी, अशी मागणी पालकांनी ग्रामसभेत मांडावी. ती मागणी आयांनी मांडली तर तिचे वजन अधिक पडेल.

प्रश्न : अशा केंद्राला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते का? हिशेब योग्य आहे की नाही, हे कसे ओळखावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : केंद्र चालवणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील नफा न वाटणारी कंपनी आहे, हे प्रथम विचारावे. ज्या सवलतीला आपण वर्षानुवर्षे '८०जी' म्हणत आलो, ती मिळण्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची स्वतंत्र मान्यता लागते. रोखीने दिलेली २,००० रुपयांपेक्षा मोठी देणगी या सवलतीस पात्र नसते, वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीला, म्हणजे सायकलीला, ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीची निवड केलेल्या व्यक्तीलाही ती लागू होत नाही. आपली कंपनी सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआर) मदत करणार असेल, तर संस्थेने त्यासाठीची केंद्र सरकारकडील वेगळी नोंदणीही केलेली असावी लागते; नवीन केंद्रांना या मार्गाने लगेच पैसा मिळणे कठीण असते.

हिशेबाबाबत मी लेखापरीक्षित ताळेबंद तर पाहतोच, पण त्याआधी सुट्या भागांच्या खरेदीची वही पाहायला मागतो. काम खरोखर चालत असेल तर तिच्यात ट्यूब, छर्रे आणि ब्रेक रबर यांच्या नोंदी दर आठवड्याला दिसतात. वाटलेल्या सायकलींच्या छायाचित्रांवरून हे कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टन येथे 'बाइक्स नॉट बॉम्ब्स' या संस्थेत स्वयंसेवक आहे. ती संस्था जुन्या सायकली कंटेनरने गरीब देशांत पाठवते. तशाच सायकली महाराष्ट्रात मागवता येतील का? आम्ही दोघेही येथूनच आपल्याकडील एखाद्या केंद्राला मदत करू इच्छितो. – एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : आपल्या मुलीचे मनापासून कौतुक वाटते. कार्ल कुर्झ आणि मायकेल रिप्लोगल यांनी १९८४ साली ही संस्था सुरू केली, ती मध्य अमेरिकेतील निकाराग्वाला सायकली पाठवण्यासाठी; अमेरिकन सरकार तेथील यादवीत बंडखोरांना शस्त्रास्त्रांची मदत करत असताना आपण सायकली पाठवू, हा त्यामागचा निर्धार होता. परंतु महाराष्ट्रासाठी कंटेनर मागवू नये, असेच मी सुचवीन. यंत्रसामग्री सोडल्यास वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्याकडे परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारत स्वतःच जगातील मोठ्या सायकल उत्पादक देशांपैकी एक आहे. लुधियानात सायकलींचा आणि सुट्या भागांचा फार मोठा उद्योग आहे. आपल्याकडे तुटवडा सायकलींचा नसून त्या चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. बॉस्टनच्या संस्थेकडून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम : मुले जुनी सायकल स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला शिकतात, आणि काम पुरे झाले की ती सायकल त्यांचीच होते. त्यांच्या दुकानात नीट केलेल्या सायकली विकल्या जातात आणि ते उत्पन्न अशा कार्यक्रमांकडे वळते. आपल्या मुलीने हा अभ्यासक्रम मराठीत उतरवून येथील एखाद्या केंद्राला दिला तर ती मोठी देणगी ठरेल.

पैसे पाठवताना पारपत्र पाहावे. आपण भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असाल, तर ती देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ती परदेशी देणगी ठरते, मग आपण मूळचे भारतीय असलात तरी; आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि त्यासाठीचे दिल्लीतील स्टेट बँकेचे विशेष खाते असावे लागते. लहान केंद्रांकडे ते क्वचितच असते. अशा वेळी त्यांना अडचणीत टाकण्यापेक्षा बॉस्टनच्याच संस्थेला मदत करावी.

प्रश्न : माझ्याकडे देण्यासारखे पैसे नाहीत, सायकल दुरुस्तीही येत नाही. रविवारची सकाळ मोकळी असते. माझा काही उपयोग होईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निश्चित होईल. मिसळलेले नटबोल्ट आणि छर्रे मापाप्रमाणे वेगळे करणे, जुन्या चेन आणि हब रॉकेलमध्ये धुणे, आलेल्या-गेलेल्या सायकलींची आणि मालाची नोंद ठेवणे, दारात आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून त्याला योग्य टेबलाकडे नेणे, ही कामे कोणालाही करता येतात, आणि ती करायला माणूस नसला की मेकॅनिकलाच हातातले काम टाकून ती करावी लागतात. केंद्राला दर रविवारी येईन असे सांगा आणि खरोखर दर रविवारी जा. ग्रीसचे डाग निघत नाहीत, तेव्हा जुने कपडे घालून गेलेले बरे.